तब्येतीची गजाल

माझ्या हृदयात स्प्रिंग बसवली, ही बातमी माझ्याआधी वाडीत पोचली होती. स्टेंट हा शब्द इथे कुणी वापरत नाही. रिक्षातून उतरून खळ्यात पाय ठेवतो न ठेवतो तोच गडग्यापलीकडून आवाज आला, “काकानू, एक घातल्यानी की दोन?”

मुंबईत चौतीस वर्षं काढली. तिथे आजारपण फायलीत असायचं आणि फाईल कपाटात. शेजारच्या गृहस्थांना मधुमेह होता, हे मला त्यांच्या तेराव्याला कळलं. निवृत्तीनंतर आम्ही दोघं कुडाळजवळच्या या वाडीत येऊन राहिलो, तेव्हा पहिली दोन वर्षं असल्या चौकशांनी माझं डोकं उठायचं. माझं बीपी हा काय चव्हाट्यावरचा विषय आहे?

आहे. वाडीत चौदा घरं, त्यातली नऊ फक्त गणपतीत उघडतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्गाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. आमच्या वाडीकडे बघितलं की त्याचं नवल वाटत नाही. राहिलोत ते बहुतेक साठीपलीकडचे. साखर, मोतीबिंदू, गुडघे, याच आमच्या गजाली. कुणी डोळा करून आला की बाकीचे त्याला बघायला जातात, जाताना कुळथाची पिठी नाहीतर दोन शहाळी नेतात, आणि येताना डॉक्टरची सगळी माहिती घेऊन येतात.

या गजालींत एका शब्दाला मात्र सगळे आवाज खाली येतात: बांबोळी. ‘बांबोळीक नेल्यानी’ म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेज तिथे आहे. त्याचं मूळ पोर्तुगीज अमदानीत १८४२ साली पणजीत निघालेल्या वैद्यकशाळेत. आमच्या जिल्ह्याचा पेशंट अत्यवस्थ झाला की पिढ्यान्‌पिढ्या राज्याची सीमा ओलांडतो. २०१८च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे पैसे पडायला लागले, तेव्हा इकडे आंदोलनं झाली. आता जिल्ह्याचंही मेडिकल कॉलेज आहे; तरी रात्री दोन वाजता छातीत कळ आली की घरातल्यांच्या तोंडून आधी बांबोळीच निघतं. माझ्या वेळीही तेच निघालं. १०८ची गाडी आली, पण तिच्यापर्यंत मला खुर्चीत बसवून पाणंदीतून उचलून नेलं ते दोघा सत्तरीच्या माणसांनी. त्यातल्या एकाला हर्निया आहे. ही माहितीही सार्वजनिकच.

त्यानंतर सहा महिने घरात माझ्याच तब्येतीचं राज्य होतं. गोळ्यांच्या वेळा, बिनमिठाची पेज, चार पावलं चाललो की “दमलात का?”

एकदा पलीकडची वहिनी गडग्याला टेकून म्हणाली, “काकानू, काकींका दाखवन आणा. आधी कळशी एका दमात घराक नेयत. आता तीनदा खाली ठेवतत.”

मी त्याच घरात राहतो. रोज त्याच कळशीतलं पाणी पितो.

कुडाळला रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.२. बाहेर बाकावर बसून हिला विचारलं, सांगितलं का नाहीस? पदराने चष्मा पुसत ही म्हणाली, “तुमच्या छातीत स्प्रिंग. त्यात आणि माझं कुठे सांगत बसू?” लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. मला फार लाज वाटली. वहिनीचा थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या पायरीवर लाल माठ, नाचणीचं पीठ, कुणाच्या परसातलं बीट येऊन पडू लागलं. लोहाच्या गोळ्या चालूच होत्या. श्रेय कुणाला, यावर वाडीत अजून एकमत नाही. कळशी मी उचलायची नाही, हिने उचलायची नाही. ती वहिनीने न विचारताच ताब्यात घेतली.

गेल्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली. रिपोर्ट खिशात घालून दुपारच्या एसटीने आलो. बेड्याला हात लावतो तोच समोरच्या पडवीतून हाक आली, “धाच्या वर इला मां?”

लॅबमधला पोरगा आमच्याच वाडीतला आहे.

“साडेधा,” आतून हीच ओरडली. मी अजून पाकीट उघडलंही नव्हतं.