पाहुणा गप्पी

कॉन्व्हेंटमध्ये आम्ही गप्पी मासा पाहिला तो काचेच्या टाकीत! मावशीच्या एटापल्लीत मात्र तो डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात. गडचिरोलीत मलेरिया हा नुसता पुस्तकातला धडा नाही. मावसभाऊ गेल्या पावसाळ्यात तीन आठवडे खाटेवर होता. म्हणून गप्पी माझा लाडका.

पण हा मूळचा त्रिनिदाद-व्हेनेझुएलाच्या ओढ्यांतला. 1866 मध्ये त्रिनिदादहून लंडनला नमुने धाडणाऱ्या गप्पी नावाच्या गृहस्थांवरून त्याला हे नाव पडलं. तो अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, म्हणून भराभर वाढतो. शिवाय दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लंही खातो. आणि आपल्याकडे मामा तलावांतल्या मासळीवर कितीतरी ढिवरांची चूल पेटते! म्हणून पुराचं पाणी पोचत नाही अशा हौदातच गप्पी सोडा. नदी-तलावात नको. पाहुण्याला ओसरी द्यावी, स्वयंपाकघर नाही!