गी, घी आणि दीड सेंटिमीटर

"अगं, तुझी गी सुकली का?"

हा प्रश्न आमच्या लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर जून ते सप्टेंबर रोज विचारला जातो. फर्स्ट इयरला माझ्या रूममेटने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला 'घी' असं ऐकू आलं आणि ती बिचारी वाटी घेऊन धावत आली. मेसच्या चपात्या खाणाऱ्या माणसाला तुपाची किती आस असते हे वाचकांना वेगळं सांगायला नको! मी तिला दाखवली ती दोरीवर लटकलेली, ओलीचिंब, गोधडीसारखी जाड पांढरी बंडी. "ह्याला घी म्हणतात?" असं विचारून ती जी रुसली, ती दोन दिवस बोलली नाही.

तर मंडळी, हा लेख त्या गीबद्दल आहे. आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची पोर. मराठी म्हणजे आमच्याकडे आठवड्यातले चार तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचं गाइड. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला.

ब्राझिलियन जिउ-जित्सू म्हणजे थोडक्यात जमिनीवरची झुंज. ठोसे नाहीत, लाथा नाहीत. समोरच्याला धरायचं, पाडायचं आणि मग त्याचा एखादा सांधा किंवा गळा असा अडकवायचा की त्याने हाताने थोपटून 'बास' म्हणावं. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोदोकान ही संस्था काढून जूडो घडवला. त्याच कोदोकानचा मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला आणि त्याच्याकडून ग्रेसी घराण्याने ही विद्या उचलली. एवढा प्रवास करून ती वाशीच्या एका सेक्टरमधल्या तळघरात आली आणि सेकंड सेमिस्टरला मी तिथे जाऊन पोचले. कारण विचाराल तर मॅथ्सची केटी. कशावर तरी राग काढायचा होता!

या खेळात अंगातला कपडा हा नुसता कपडा नसतो. कॉलर, बाह्या, पॅन्टचे पाय, सगळं पकडायची मुभा असते. आपल्याच कॉलरने आपला गळा आवळला जातो. म्हणजे आपण जे घालून जातो ते समोरच्याच्या हातातलं हत्यार होतं. हे मला उशिरा कळलं.

पहिल्या दिवशी मी स्टेशनबाहेरच्या दुकानातून कराटेचा ड्रेस घेऊन गेले. पांढरा तर पांढरा, काय फरक पडतो? दहाव्या मिनिटाला काखेत टर्र्र असा आवाज आला. कराटेचं कापड पातळ असतं, ते हवेत लाथ मारायला ठीक. इथे साठ किलोची मुलगी आपल्या बाहीला लोंबकळते. मग एका सीनियरने तिची जुनी जूडोगी दिली. ती फाटणं अशक्य! पण तिच्या बाह्या रुंद, खालचा घेर लांब. माझ्या बाहीत समोरचीची चार बोटं आरामात जात आणि मी दर वेळी तिथूनच उलटत होते. तेव्हा ठरवलं, आता स्वतःची घ्यायची. आईकडून निम्मे आणि ज्युनियरच्या ट्यूशनचे निम्मे असे पैसे जमवून मी दोन गी घेतल्या. एक जाड, सरावासाठी. एक हलकी, स्पर्धेसाठी.

इथे इंजिनीअर जागा झाला. कापडाची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. माझ्या जाड गीचं कापड साडेपाचशे जीएसएम, हलकीचं साडेतीनशे. पण जीएसएमवरून अख्ख्या गीचं वजन कळत नाही, त्यात कॉलर, पॅन्ट, गुडघ्याचे दुहेरी थर हे सगळं येतं. म्हणून मी धुऊन वाळवलेल्या दोन्ही गी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मेसच्या काकांकडे नेल्या आणि बटाट्यांच्या वजनकाट्यावर ठेवल्या. जाड एक किलो नऊशे, हलकी एक किलो तीनशे. "किलोचा काय भाव?" असं काकांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं.

हे सहाशे ग्रॅम महत्त्वाचे, कारण या खेळाच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या नियमांत वजन गीसकट होतं. आमची स्पर्धा त्याच नियमांनी होती. माझा गट ५३.५ किलोपर्यंतचा. माझं वजन ५१.९. हलक्या गीत मी ५३.२, गटात. जाड गीत ५३.८, गटाबाहेर. म्हणजे गी निवडणं हा फॅशनचा नाही, बेरजेचा प्रश्न आहे. (मॅथ्सची केटी सुटली हे जाता जाता नमूद करते.)

दुसरा प्रयोग आटण्याचा. सुती कापड मागावर ताणून विणलेलं असतं. पाण्यात गेलं की धागा फुगतो, ताण सुटतो आणि कापड आखडतं. मी हलक्या गीचं एका बाहीच्या टोकापासून दुसऱ्या बाहीच्या टोकापर्यंत माप घेतलं, १५२ सेंटिमीटर. थंड पाण्यातल्या तीन धुण्यांनंतर १४८.५. म्हणजे प्रत्येक बाजूला पावणेदोन सेंटिमीटर गेले. वहीत तक्ता केला, आलेख काढला, सरांना दाखवावा इतका सुंदर. आलेखाची रेघ सपाट होत आली होती. आता आटणार नाही, असा निष्कर्ष लिहून खाली दोन रेघा मारल्या.

स्पर्धा जुलैत होती. नवी मुंबईतला जुलै तुम्हाला माहीतच आहे. खाडीकडून येणारी हवा एवढी ओली की वाळत घातलेला रुमालसुद्धा संध्याकाळी सकाळपेक्षा जड लागतो. जाड गीला सुकायला दोन दिवस लागत, म्हणून सरावाला कधी कधी हलकीच घालावी लागे. ओलसर गी बॅगेत घालून नेरूळहून लोकलने निघाले की लेडीज डब्यात मला जुईनगर यायच्या आत बसायला जागा मिळायची. आजूबाजूचे लोक आपणहून उठत! आदल्या संध्याकाळी हलकी गी धुतली आणि पाऊस कोसळायला लागला. ओली गी जड भरणार, आणि वजन तर गीसकट होणार. मी घाबरून ती जवळच्या एका लॉन्ड्रीत नेली आणि "भैया, ड्रायर, फुल गरम" असं सांगितलं. चूक पूर्णपणे माझी. आलेख थंड पाण्याचा होता, गरम ड्रायरचा नव्हता.

सकाळी वजन झालं, ५३.२. मी खूश. मग एक ताई आल्या मापं घ्यायला. हात समोर सरळ, जमिनीला समांतर. बाही मनगटाच्या हाडापासून पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त वर असता कामा नये, असा नियम. त्यांनी मोजलं, परत मोजलं. साडेसहा.

"दुसरी आहे का?" बॅगेत जाड होती. ती घालून परत काट्यावर उभी राहिले. ५३.८. ताईंनी यादीतल्या माझ्या नावावर रेघ मारली. एकही झुंज न खेळता मी बाद. दीड सेंटिमीटर आणि तीनशे ग्रॅम.

मी भिंतीला टेकून बसले आणि मला आठवली आठवीतली सोमवारची असेंब्ली. शाळेत मुलींना रांगेत गुडघ्यांवर बसवत. स्कर्टची कड फरशीला टेकली पाहिजे. त्या वर्षी मी भराभर उंच होत होते. नवा स्कर्ट घेणं जमत नव्हतं, म्हणून आईने रात्री जागून आतली दुमड उसवून स्कर्ट लांब केला होता. जुन्या दुमडीची फिकट रेघ तशीच दिसत होती. एवढं करूनही कड दोन बोटं वर राहिली. मला सगळ्यांसमोर उभं केलं. कुणी मारलं नाही, ओरडलंही नाही, फक्त बाईंनी पट्टी लावून आकडा मोठ्याने वाचला. घरी आईला मी हे सांगितलं नाही. तिने त्या शिलाईत किती डोळे फोडले होते!

आज परत तेच. पट्टी, आकडा, आणि मी उभी. मला त्या ताईंचा खूप राग आला. एवढ्याशा कापडावरून माणसाला बाद करतात? मी ठरवलं, संपलं. गी कोणाला तरी देऊन टाकायची.

गणपतीला गावी गेले, कागलजवळ. आईने बॅग उपसली तर तळाशी गी! आजोबांनी, म्हणजे आप्पांनी, ती दोन बोटांत धरून वर उचलली. आप्पा तरुणपणी तालमीत होते. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, ती गोष्ट त्यांनी मला इसापनीतीच्या आधी सांगितली आहे.

"हे काय गं घोंगडं? ह्यात कुस्ती करतीस?"

मी सगळं सांगितलं. पाच सेंटिमीटर, साडेसहा, सगळं. मला वाटलं ते म्हणतील, आमच्या वेळी लंगोट होता, असली मापं नव्हती. ते थोडा वेळ गप्प बसले.

"बाही आखूड असली तर समोरचीला काय गावणार?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"आगं, आमी तालमीत उतरलो की एकमेकाच्या अंगावर माती टाकत हुतो. का? घामानं अंग निसटतंय. समोरच्याला पकड गावली पायजे, आन आपल्याला बी. अंगाला त्याल चोळून आखाड्यात उतरला तर त्यो पैलवान न्हवं, चोर. पकडच गावली न्हाई तर कुस्ती कशाची?"

मी तशीच बसून राहिले. नियमांचं पान मी पाठ केलं होतं. बाहीत हात सरळ असताना सात सेंटिमीटर मोकळी जागा हवी. कॉलरची जाडी १.३ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. रंग पांढरा, निळा किंवा काळा. मुलींनी आत ताणणारा टी-शर्ट घालायचाच. पण यातली निम्मी मापं कशासाठी आहेत हे मला एकदाही सुचलं नव्हतं. बाही आखूड नको, घट्ट नको, कॉलर फार जाड नको, म्हणजे समोरचीच्या बोटांना धरायला काहीतरी राहिलं पाहिजे. ती पट्टी माझी लाज मोजत नव्हती. माझ्या विरुद्ध उभ्या असलेल्या, मला नावानेही माहीत नसलेल्या मुलीचा वाटा मोजत होती. शाळेतल्या पट्टीला मी अजूनही माफ केलेलं नाही. पण दोन्ही पट्ट्या एकच नाहीत, एवढं त्या ओसरीवर कळलं. त्या रात्री आईला मी आठवीतला तो सोमवार पण सांगितला. ती एवढंच म्हणाली, "मला माहीत होतं. तुझे डोळे लाल होते."

जानेवारीत परत स्पर्धा झाली. या वेळी हलकी गी एक नंबर मोठी घेतली आणि आधी चार वेळा धुऊन मग मोजली. ती सरावाला फक्त दोनदा घातली, कापड कुठे ओढतं ते बघायला. बाकी सराव जाड गीत, जिचे गुडघे आणि काखा मी तीनदा शिवून घेतल्या आहेत. सरावाच्या गीने मार खायचा असतो आणि स्पर्धेच्या गीने मापात राहायचं असतं. एकाच गीकडून दोन्ही मागू नका, आणि पैसे एकीचेच असतील तर मजबूत घ्या, फक्त तिचं वजन आपल्या गटाच्या बेरजेत धरा.

मापाच्या त्याच ताई होत्या. मी हात पुढे केले. साडेतीन. त्यांनी मान हलवली आणि मी मॅटवर गेले. पांढऱ्या पट्ट्याची झुंज पाच मिनिटांची. समोरचीने पहिल्याच मिनिटात माझी बाही धरली, त्याच कोपऱ्यात, जिथे जुलैत दीड सेंटिमीटर कमी पडलं होतं. त्या पकडीवरूनच तिने मला उलटवलं. दोन गुण. उरलेली चार मिनिटं मी जिवाच्या आकांताने झटले, पण ते दोन गुण काही फिटले नाहीत. हरले. हॉस्टेलवर आल्यावर रूममेटने खरोखरच घरचं तूप घालून वरण-भात दिला.

आता ती आटलेली गी आमच्या मजल्यावर कपाटाजवळच्या खुंटीला असते. माझ्यापेक्षा बुटक्या ज्युनियर मुलीला ती नीट बसेल. सराव सुरू करायचा असेल तर खुशाल घेऊन जा, पैसे नकोत. अट एकच. थंड पाण्यात धुवायची, आणि पाऊस कितीही कोसळला तरी ड्रायरमध्ये टाकायची नाही!