उजवा पाय, काका!

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने नवीन काय शिकावे, याबद्दल आमच्या बँकेत साधारण एकमत आहे. पेटी शिकावी, योगासने शिकावीत, फार तर शेअर बाजार शिकावा आणि खिशाला चटका बसला की शिक्षण थांबवावे. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी विमान चालवायला शिकायचे ठरवले, तेव्हा आमच्या हेड कॅशियरने मला स्ट्राँगरूमच्या दाराशी बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारले, "घरी काही भांडण वगैरे?"

घरी भांडण नव्हते. ते नंतर झाले.

खरे म्हणजे मला साधी मोटारसुद्धा चालवता येत नाही, आणि यामागे इतिहास आहे. आमचे अण्णा एस.टी.त ड्रायव्हर. बत्तीस वर्षे नोकरी, एक अपघात नाही. मी बारावीची परीक्षा दिली त्या सुट्टीत त्यांनी एका मित्राची जीप मागून आणली आणि मला स्टिअरिंगवर बसवले. दहा मिनिटांत मी ती जीप साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाडीवर नेऊन घातली. बैलांना काही झाले नाही, गाडीवानालाही काही झाले नाही, थोडा ऊस तेवढा सांडला. अण्णा एक अक्षर बोलले नाहीत. खाली उतरले, ऊस गोळा करून गाडीत भरला, मला बोटाने शेजारच्या सीटवर सरकायची खूण केली आणि जीप घरी आणली. त्यानंतर सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्या हातात कुठल्याही वाहनाची किल्ली दिलेली नाही. आज ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि मी अजून त्यांच्या स्कूटरवर मागे बसतो. भाजीची पिशवी माझ्याकडे असते.

तर, विमान. पैशाचा प्रश्न होता. छोटे विमान उडवायला मला तासाला बारा हजारांच्या घरात खर्च येणार होता. माझी एक मुदत ठेव पिकली होती.

"अहो, ते पैसे वरच्या मजल्यासाठी ठेवलेत ना?" सौ. म्हणाली.

"वरच घालवतोय."

हा विनोद मी करायला नको होता. मग मी इतिहासाचा आधार घेतला. म्हटले, जे.आर.डी. टाटांना १९२९ साली हिंदुस्थानातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, १९३२ साली त्यांनी कराचीहून जुहूला टपाल घेऊन विमान आणले, आणि १९८२ साली वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तोच प्रवास पुन्हा एकट्याने केला. मी तर चव्वेचाळीसचा.

"त्यांची कंपनी होती," सौ. म्हणाली, "तुमचा डी.ए. आहे." पण दोन दिवसांनी तिनेच पावती कपाटातून काढून टेबलावर ठेवली. वर एवढेच म्हणाली, "अण्णांना तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

मीही सांगितले नाही.

फ्लाइंग क्लबच्या हापिसात आणखी एक गंमत कळली. विमानाचा 'कमर्शियल' परवाना हवा असेल तर बारावीला फिजिक्स आणि गणित लागत होते, कॉमर्सवाल्याला मज्जाव! आमच्या पदवीचा एवढा अपमान डेटॉलच्या जाहिरातीतल्या जंतूंचाही कोणी केला नसेल. मात्र पैसे मिळवण्यासाठी नव्हे, घालवण्यासाठी उडायचे असेल तर दहावी पुरे होती. मग वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरांनी विचारले, "काय काम करता?" म्हटले, "बँकेत, काउंटरवर." त्यांनी रक्तदाब पुन्हा मोजला.

२०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी आहे. लोक त्या दिवशी दाढीसुद्धा करत नाहीत. मी पहाटेची एस.टी. पकडून चाळीस किलोमीटरवरच्या त्या धावपट्टीवर जाऊ लागलो. पट्टीच्या दोन्ही अंगांना ऊस, मधे वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा, आणि शेडमध्ये आमचे विमान: सेसना १५२. दोन माणसांचे, ११० हॉर्सपॉवरचे. ही विमाने बनायची १९८५ सालीच बंद झाली, त्यामुळे आमच्या दोघांच्या वयात फारसे अंतर नव्हते. शेपटीजवळ नंबर, आणि आपल्याकडच्या सगळ्या विमानांचा असतो तसा तो 'व्हीटी'पासून सुरू होणारा. मुंबईच्या स्टेशनचे नाव १९९६ साली बदलले, पण विमाने अजून व्हीटीलाच लागलेली आहेत.

आमच्या शिक्षिका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या. मी त्यांना मॅडम म्हणायचो, त्या मला काका म्हणायच्या. "काका, उडायच्या आधी विमानाभोवती एक प्रदक्षिणा." हात जोडायचे नाहीत, हात लावून बघायचे. पंख, बिजागऱ्या, टायर, तेल. पेट्रोलच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. पंखावरचे झाकण उघडून टाकीत मोजपट्टी बुडवायची. मग टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल एका पारदर्शक पेल्यात काढून उजेडात धरायचे. पाणी असेल तर खाली बसते. पेट्रोलचा रंग निळा! रेशनच्या रॉकेलची आठवण होऊन मी नकळत मागे रांग आहे का ते पाहिले.

पुढचा हिशेब मात्र माझ्या हातचा होता. एकूण वजन ७५७ किलोंच्या वर जाता कामा नये: विमान, पेट्रोल, मॅडम आणि मी. प्रत्येक वजन कुठे बसले आहे तेही धरायचे, कारण तोल पुढेमागे झाला तर विमान ऐकत नाही. आयुष्यभर ट्रायल बॅलन्स जुळवला, पण त्यात स्वतःलाच नावे टाकायची वेळ पहिल्यांदा आली. मी चौऱ्याऐंशी किलो भरलो. मॅडम म्हणाल्या, "काका, पेट्रोल थोडं कमी घेऊ." सौ.ला हे मी सांगितले नाही; नाहीतर घरी तूप कमी झाले असते.

पहिल्या दिवशी जमिनीवर विमान चालवताना मी समोरचे चाक दोन्ही हातांनी असे गरगर फिरवत होतो की मॅडमनी विचारले, "काका, तुमच्या घरात कोणी एस.टी.त होतं का?" विमान जमिनीवर पायांनी वळते. त्या हातातल्या चाकाने तिथे काही होत नाही. उडताना तर आणखीच घोळ. पंख्याच्या जोराने नाक डावीकडे जाऊ बघते, म्हणून उजवा पाय दाबून धरायचा. मी डावखुरा नाही, पण माझा उजवा पाय जन्मापासून कामचुकार निघाला. चार महिने माझ्या कानात एकच मंत्र होता: "उजवा पाय, काका!" एकदा काउंटरवर धनादेशावर शिक्का मारताना मी उजव्या पायाने टेबलाखालची कचऱ्याची बादली चेपून टाकली.

मग एके शनिवारी मॅडम म्हणाल्या, "आज आपण स्टॉल करू." स्टॉल म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे जत्रेतली भजी येतात. इथला स्टॉल वेगळा. इंजिन बंद पडत नाही. नाक इतके वर उचलायचे की पंखावरची हवा घसरते आणि पंख उचलायचे काम सोडून देतो. त्याआधी डाव्या पंखातली एक पत्ती वाजू लागते. वीज नाही, काही नाही; हवेच्या ओढीने पेटीच्या सुरासारखी रडते. आमच्या हेड कॅशियरच्या पेटीपेक्षा सुरात. आणि मग विमान खाली नाक घालते. समोर आकाशाऐवजी उसाचे शेत येते. अशा वेळी चाक जीव खाऊन स्वतःकडे ओढावेसे वाटते. नेमके तेच करायचे नाही. पुढे ढकलायचे, खालीच जाऊ द्यायचे, म्हणजे पंखाला पुन्हा वारा लागतो. मी पहिल्या तीन वेळा ओढले. चौथ्यांदा ढकलले. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि सौ.ने विचारल्यावर बँकेत टॅली झाली नाही असे सांगितले.

विमान उतरवणे हा विषय मी थोडक्यात आटोपतो, कारण माझे उतरणे कधी थोडक्यात आटपत नसे. एकाच पट्टीवर मी चार ठिकाणी टेकत असे.

अखेर डिसेंबरातल्या एका शनिवारी चीफ इन्स्ट्रक्टरसाहेबांनी माझ्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या, "हं" म्हणाले आणि उतरून गेले. मॅडमनी त्यांच्या जागी बसून आणखी एक फेरी मारली. मग इंजिन चालू असतानाच त्यांनी पट्टा सोडला, खाली उतरून रिकाम्या सीटवर तो पुन्हा बांधला आणि म्हणाल्या, "काका, एकच फेरी. जा आणि या."

बँकेत माझी एकट्याची सही कुठेही चालत नाही. मी नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची. वीस वर्षे मी चुकलो तरी कोणीतरी वर बसलेला आहे या भरवशावर काम केले. बढती दोनदा नाकारली ती बदलीच्या भीतीने, असे मी सांगतो. खरे कारण, वर बसलेला माणूस मीच झालो असतो. आता शेजारच्या सीटवर फक्त पट्टा होता.

पन्नास नॉटला नाक उचलले. मॅडमचे वजन कमी झाल्याने विमान नेहमीपेक्षा लवकर उडाले आणि भराभर चढू लागले. नाक डावीकडे गेले. मी वाट पाहिली. कोणी काही बोलले नाही. मग मीच मोठ्याने ओरडलो, "उजवा पाय, काका!" आणि दाबला.

हजार फुटांवर वळून पट्टीला समांतर झालो. खाली कालवा, एका कारखान्याचे धुराडे आणि रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची लांबच लांब रांग. मी त्यांच्यापासून पुरेसे अंतर ठेवले होते.

उतरताना साठ नॉट. पट्टीच्या टोकाकडे नजर, हळूहळू पॉवर कमी, नाक जरा वर. पेटीचा सूर वाजला. धप्प. आणि मग आणखी काहीतरी झाले, पण विमान पट्टीवरच राहिले.

शेडशी आलो तर प्रथेप्रमाणे पोरांनी बादलीभर पाणी माझ्या डोक्यावर ओतले. डोळे पुसून पाहतो तर कुंपणाशी पांढरी टोपी. अण्णा! सौ.ने शेवटी सांगितलेच होते.

"पाणी का ओतलं?" त्यांनी विचारले. "इंजिन तापलं होतं?"

"नाही. रीत आहे."

थंडीत कुडकुडत मी त्यांच्याबरोबर फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभा राहिलो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उतरताना दोनदा आपटलंस."

"एकदाच, अण्णा."

"दोनदा. मी मोजलं."

गाडी आली. अण्णा नेहमी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर खिडकीशी बसतात. तिथून त्याचे गिअर टाकणे बघता येते. आज ते सीटजवळ थांबले, बाजूला झाले आणि मला बोटाने आत सरकायची खूण केली.