कोझुमेलचे आठ तास

मेक्सिकोच्या युकाटान द्वीपकल्पाजवळ, कॅरिबियन समुद्रात कोझुमेल हे बेट आहे. मायामीहून निघणाऱ्या आठवड्याच्या क्रूझ या बेटाच्या धक्क्याला हमखास लागतात. अमेरिकेत मुलांकडे गेलेले आपल्यातील अनेक आई-वडील अशा सफरीवर जातात. त्यांतील एखाद्याने पूर्वी अंदमानात किंवा मालवणला स्कूबाची बुडी मारलेली असते, आणि आता साठी-पासष्टीला पुन्हा एकदा समुद्रतळ पाहावा अशी इच्छा मनात असते. ही इच्छा हसण्यावारी नेऊ नये, आणि धक्क्यावर उतरल्यावर घाईने पुरीही करू नये. तिचा निर्णय घरीच, प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी व्हायला हवा.

इच्छा होण्याजोगेच हे स्थळ आहे. बेटाच्या पश्चिम अंगाला प्रवाळभित्तींची लांबलचक रांग असून १९९६ पासून ती राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षित आहे. पाणी नितळ आणि कोमट. येथे प्रवाह बहुधा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. पाणबुड्याने त्याच्यासोबत वाहत जायचे आणि नौकेने वरून बुडबुड्यांचा माग काढत यायचे, अशी येथील रीत. उलट पोहत परतावे लागत नाही, ही ज्येष्ठांसाठी मोठी सोय. पालांकारच्या प्रवाळांचे मनोरे आणि कमानी प्रसिद्ध आहेत. तथापि धक्क्यांपासून जवळचा, उथळ असा पॅराडाइज खडक आपल्या वयाला अधिक मानवेल. तेथे कपारींतून डोके बाहेर काढून बसलेला, पट्ट्यापट्ट्यांच्या डोक्याचा आणि पिवळ्या काठाच्या परांचा ‘स्प्लेंडिड टोडफिश’ भेटतो. तो मुख्यतः याच बेटाच्या आसपास आढळतो.

आता घरी करावयाच्या कामाकडे वळू. बुडीपूर्वी प्रत्येकाला आरोग्याची प्रश्नावली भरून द्यावी लागते. हृदयविकार, रक्तदाब, दमा, मधुमेह, नेहमीची औषधे असे प्रश्न त्यात असतात, आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना काही जास्तीचे. एखाद्या महत्त्वाच्या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर आले की डॉक्टरांची सही लागते. धक्क्यावर डॉक्टर कोठून आणणार? मग नौका सुटू नये म्हणून रक्तदाबाची गोळी घेणारा मनुष्य ‘नाही’वर खूण करतो. या खोट्या खुणेइतके धोक्याचे त्या समुद्रात दुसरे काही नाही. पाण्यात शिरताच हातापायांतील रक्त छातीकडे ढकलले जाते, हृदयावरचा भार वाढतो. रक्तदाब आटोक्यात नसेल तर फुप्फुसांत पाणी साचू शकते. बीटा-ब्लॉकर जातीच्या गोळ्यांमुळे श्रमाच्या वेळी हृदयाची गती हवी तेवढी वाढत नाही. म्हणून प्रश्नावली आधीच मागवून घ्यावी, आपल्या डॉक्टरांपुढे ठेवावी, आणि ते ‘नको’ म्हणाले तर तो शब्द अखेरचा मानावा. गोळी स्वतःहून बंद करून पाण्यात उतरणे हा उपाय नव्हे. प्रवासविम्यात स्कूबाचा अंतर्भाव आहे काय, तेही याच वेळी वाचून ठेवावे. बहुधा तो वगळलेला असतो.

दुसरी बाब घड्याळाची. समजा, जहाज सकाळी आठला लागले आणि सायंकाळी चारला सुटणार आहे. परतण्याची वेळ साधारण अर्धा तास आधीची, म्हणजे साडेतीनची. बेटावर उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची प्रथा नाही, मायामीत आहे. जहाजाने मायामीचीच वेळ कायम ठेवली असेल, तर जहाजावर साडेतीन वाजतात तेव्हा बेटावर अडीच वाजलेले असतात. मोबाईल बेटाची वेळ दाखवतो आणि मनुष्य निर्धास्त राहतो! म्हणून हाताला साधे घड्याळ बांधावे, ते जहाजाच्या वेळेवर ठेवावे आणि नौकेची वेळ ठरवताना ‘कोणत्या घड्याळाने?’ असे स्पष्ट विचारावे. दोन बुड्यांच्या फेरीला जाऊन-येऊन चारेक तास लागतात. ज्येष्ठांनी एकीवरच समाधान मानावे, असे माझे मत. जहाजामार्फत घेतलेली सहल महाग पडते, पण तिला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे ठरवलेल्या नौकेसाठी ते थांबत नाही. हिवाळ्यात उत्तरेचे वारे सुटले की बंदर लहान नौकांना बंद होते. तेव्हा पैसे परत मिळण्याची अट आधीच विचारावी.

सिलिंडर आणि शिशाची वजने मिळून भार वीस किलोंच्या आसपास जातो. तो पाठीवर घेऊन शिडी चढू नये. पाण्यातच उतरवून नौकेवरील माणसाच्या हाती द्यावा. तसे आधी सांगितले तर कोणी वावगे मानत नाही.

बुडीनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. म्हणून एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास करू नये. दुसऱ्याच सकाळी जहाज सोडून विमान गाठायचे असेल तर या थांब्यावर बुडी नको. त्या सायंकाळी मद्य आणि गरम पाण्याचे टब टाळावेत. सांधे दुखणे, मुंग्या येणे, चक्कर, न पेलणारा थकवा ही लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात, आणि तोवर जहाज सुटलेले असते. ज्येष्ठांच्या बाबतीत येथेच फसगत होते: “गुडघा तर नेहमीच दुखतो.” सोबतच्या माणसाने सकाळीच कोणता सांधा किती दुखतो ते टिपून ठेवावे. नवे काही जाणवले तर उजाडण्याची वाट न पाहता जहाजाच्या डॉक्टरांकडे जावे आणि ‘आज बुडी मारली आहे’ हे पहिले वाक्य सांगावे.

काही घरांत याच्या उलट असते. बुडी मुलाला मारायची असते आणि आई जहाजावर थांबणार असते. पाण्याखाली फोन लागत नाही, हे गृहीत धरून दुपारची गोळी, जेवण आणि सोबत कोणाकडे हे ठरवल्याविना त्याने धक्क्यावर पाऊल ठेवू नये. आईला चालवत असेल तर बेटाच्या आतील सान हेर्वासिओचे माया अवशेष कोणासोबत तरी पाहता येतील. इश्चेल या प्रसूतीच्या आणि औषधींच्या देवीच्या दर्शनाला पूर्वी स्त्रिया समुद्र ओलांडून या बेटावर येत. तेथे सावली बेताची आणि वाट खडबडीत आहे. टॅक्सी सकाळच्याच वेळी, परतीच्या फेरीसह ठरवावी.