अनिकेत, आधी इंजिनाचं झाकण उघड

ट्रॉय, मिशिगन

चि. अनिकेत,


तू पाठवलेले फोटो मी नीट बघितले. १९८९ सालची तीस फुटी बोट, दोन बिग ब्लॉक इंजिनं, किंमत बावीस हजार डॉलर. आणि तुझ्याकडे सगळे मिळून पंचवीस हजार. ताईचाही फोन येऊन गेला. तिची अपेक्षा आहे की मी तुला या नादातून बाहेर काढीन. ते मी करणार नाही. वेगवान बोटींचं वेड मलाही आहे आणि त्याने मला फार आनंद दिलाय. पण ही बोट तू घेऊ नयेस असं मला ठामपणे वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

जुन्या बोटीची देखभाल तिच्या आजच्या किमतीप्रमाणे स्वस्त होत नाही. सुटे भाग आणि मेकॅनिकची मजुरी नव्या बोटीच्याच भावाने मोजावी लागते. त्यात दोन इंजिनं म्हणजे दोन ड्राइव्ह आणि चार एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. तुमच्या फ्लोरिडाच्या खाऱ्या पाण्यात हे मॅनिफोल्ड आणि त्यांवरचे रायझर पाचेक वर्षांत आतून गंजून जातात. ते गळायला लागले की खारं पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरतं आणि इंजिन संपतं. मग एक इंजिन बांधून घ्यायचं तरी दहा-बारा हजार सहज जातात. तुझ्याकडे उरणार तीन. अशी बोट पहिल्या उन्हाळ्यातच धक्क्याला लागते आणि पुढल्या वर्षी कोणीतरी ती आणखी स्वस्तात विकायला काढतो. इंधनाचंही बघ. पूर्ण वेगात पेट्रोल इंजिन दर दहा अश्वशक्तींमागे तासाला साधारण एक गॅलन पितं. ४१५ अश्वशक्तीचं एक इंजिन म्हणजे तासाला चाळीसेक गॅलन, आणि तुझ्या त्या बोटीत अशी दोन.

माझं मत असं की तू बावीस ते चोवीस फुटांची, एका इंजिनाची बोट शोध, आणि बोटीवर सतरा हजारांच्या वर जाऊ नकोस. उरलेले आठ हजार तपासणी, विमा आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती यांसाठी वेगळे ठेव. त्यांना हात लावायचा नाही.

लहान बोट घेतली म्हणजे कमी प्रतीची घेतली असं मनात आणू नकोस. या सगळ्या बोटींचा तळ एकाच घराण्यातला आहे. रे हंट या रचनाकाराने खोल व्ही आकाराचा तळ आखला, मागच्या टोकापर्यंत सुमारे चोवीस अंशांचा उतार कायम ठेवणारा. १९६० ची मायामी ते नासाऊ शर्यत समुद्र खवळलेला असताना डिक बर्ट्रमच्या ‘मॉपी’ या अशाच तळाच्या बोटीने जिंकली आणि हा तळ काय करू शकतो ते सगळ्यांना कळलं. पुढे डॉन ॲरोनाउने मायामीत फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम आणि सिगारेट अशा कंपन्या एकामागून एक काढल्या. मोठा विलक्षण माणूस. १९८७ च्या फेब्रुवारीत, ज्या रस्त्यावर त्याने हे कारखाने उभे केले तिथेच त्याला गोळ्या घालून मारलं. त्या परंपरेतली डॉन्झीची बावीस फुटी क्लासिक आजही लाटा कापत जाते तेव्हा बघत राहावं. ती अरुंद आहे, अंगावर पाणी उडवते, उभी असताना डोलते, चार जणांपलीकडे घेऊ नये. पण सुकाणू हातात असताना ती जे सांगते ते तीस फुटी सांगत नाही. फॉर्म्युलाची २४२, पूर्वी ओहायोत बोटी बनवणाऱ्या बाहाची चोवीस फुटी आउटलॉ, याही बघ. मर्क्रूझरचं ७.४ किंवा ८.२ लिटरचं इंजिन आणि ब्राव्हो ड्राइव्ह असेल तर भाग कुठेही मिळतात. कोणी इंजिन फुगवून सहाशे अश्वशक्तींचं केलंय म्हणून जास्त पैसे मागत असेल तर तिथून निघून ये. साधा ब्राव्हो ड्राइव्ह तेवढा जोर फार काळ सोसत नाही.

बोट शक्यतो आमच्या बाजूची घे. इथे पाणी गोडं आणि हंगाम मे ते सप्टेंबर, म्हणून गंज कमी. मात्र आमच्याकडचा धोका थंडीचा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. शरद ऋतूत इंजिनातलं पाणी पूर्ण काढलं नसेल तर ओतीव लोखंडाचा ब्लॉक तडकतो. मॅनिफोल्डच्या खाली, ब्लॉकच्या बाजूला टॉर्च मारून आडवी रेघ, ताजा रंग किंवा वेल्डिंग दिसतंय का ते बघ. तेल कॉफीत दूध घातल्यासारखं दिसलं तर पुढचं काही बघायची गरज नाही.

मालकाला आधीच सांग की इंजिन थंडच ठेवा, आणि गेल्या गेल्या हात लावून खात्री कर. गरम करून ठेवलेलं इंजिन आपलं दुखणं लपवतं. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घे. आकडा किती यापेक्षा आठही आकडे जवळजवळ आहेत का ते महत्त्वाचं, दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. तीस वर्षांच्या बोटीवर अडीचशेच तास चालल्याचं कौतुक सांगतील. त्याने हुरळून जाऊ नकोस. उभ्या राहिलेल्या बोटीत सील सुकतात, इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत खराब होतं, ड्राइव्हचे रबरी बेलोज तडकतात, आणि बेलोज फाटला की बोटीत पाणी शिरतं. दरवर्षी चाललेली, पावत्या जपलेली आठशे तासांची बोट मी आधी घेईन.

इंजिनापेक्षाही मला ट्रान्समची काळजी जास्त वाटते. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची भिंत, जिच्यावर ड्राइव्ह टांगलेला असतो. त्या काळच्या बहुतेक बोटींत फायबरग्लासच्या आत प्लायवूड आहे. शिडीसाठी, ट्रिम टॅबसाठी पाडलेली भोकं नीट बंद केली नसतील तर पाणी आत मुरतं आणि लाकूड कुजतं. बाहेरचा रंग मात्र चकचकीतच राहतो. प्लास्टिकच्या हातोडीने सगळीकडे ठोकून बघ. निरोगी भिंत टणटणीत आवाज देते, कुजलेली बद्द वाजते. ड्राइव्ह अर्धा वर करून त्यावर वजन टाक आणि ट्रान्सम वाकतो का ते दुसऱ्याला बघायला सांग. इंजिन ज्या लांब तुळयांवर बसतं त्यांचे बोल्ट पान्याने आवळून बघ. बोल्ट नुसते फिरत राहिले तर आतलं लाकूड गेलेलं आहे. हे काम करून घ्यायचा खर्च कधीकधी बोटीच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

तरीही आपल्या डोळ्यांवर विसंबू नकोस. सर्व्हेयर फुटामागे पंचवीस-तीस डॉलर घेतो. इंजिन तपासायला मेकॅनिक वेगळा लागतो. दोघंही तू निवडलेले हवेत, विकणाऱ्याने सुचवलेले नकोत. नंतर पाण्यावर चाचणी घे, पूर्ण थ्रॉटलवर काही मिनिटं, आणि तेलाचा दाब व तापमान यांवरची नजर हलवू नकोस. गाद्या फाटक्या असल्या तर असू देत.

इंजिनावर गाडीचा अल्टरनेटर किंवा कार्ब्युरेटर बसवलेला आढळला तर तो बदलल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. बोटीच्या भागांतून ठिणगी आणि वाफ बाहेर पडू नये अशी रचना असते, गाडीच्या भागांना ती नसते. बंद कप्प्यात साठलेली पेट्रोलची वाफ बोट उडवू शकते. म्हणून सुरू करण्याआधी चार मिनिटं वाफ बाहेर काढणारा ब्लोअर, दर वेळी.

फ्लोरिडात १ जानेवारी १९८८ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना दहा किंवा अधिक अश्वशक्तीची बोट चालवायला सुरक्षा शिक्षणाचं कार्ड लागतं. म्हणजे तुलाही. ते आधी घे. आणि इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी. २६ फुटांखालच्या बोटींवर ती अंगाला लावणं १ एप्रिल २०२१ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. पण तू ती कायद्यासाठी लावू नकोस. ताशी साठ मैलांवर एका लाटेने चालवणारा बाहेर फेकला जातो, बोट तशीच गोल फिरत परत येते, आणि पाण्यात पडलेल्या माणसाच्या अंगावर प्रोपेलर येतो. ताईला मी शब्द दिलाय की तू ही दोरी कधी काढणार नाहीस. तो तू पाळ.

त्या तीस फुटीच्या मालकाला आजच नकार कळव. दुसरी आवडली तर बयाणा देताना ‘सर्व्हे आणि चाचणी समाधानकारक असेल तरच’ असं लिहून घे, नाहीतर पैसे देऊ नकोस. सर्व्हेयरचा अहवाल आला की तसाच मला पाठव. मी वाचून त्याच दिवशी फोन करतो.

तुझा,
मामा