नदी होण्याआधी

रतनगडाच्या वाटेवर प्रवरा ओलांडायची तर बूट काढून हातात घ्यावेत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडावी, की झालं. भाद्रपद सरत आला की पाणी पोटरीच्या वर फारसं येत नाही. पण थंड असं, की पाऊल ठेवताच श्वास आत ओढला जातो. तळातला गोटा न् गोटा दिसतो. एखादा खेकडा तिरका सरकत दगडाखाली जातो. पुढे संगमनेरला, नेवाशाला जिचे घाट बांधले गेले, जिच्या नावानं प्रवरानगर वसलं, ती हीच नदी. इथे तिला कुणी नदीही म्हणणार नाही, ओढाच म्हणतील. मला ती इथेच सर्वांत जास्त आवडते.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे. काळ्या दगडाचं, कोरीव, पावसानं भिजलं की आणखी काळं दिसणारं. जवळच पुष्करणी, तिच्या भिंतींतल्या देवळ्यांमधून विष्णूच्या मूर्ती. समुद्रमंथनातल्या अमृताशी या परिसराचं नातं जोडलेलं आहे आणि प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. देवळापासून वाट निघते ती भातखाचरांच्या बांधावरून. भात निसवायला लागलेलं असतं आणि त्याचा एक कोवळा, दुधाळ वास साऱ्या खोऱ्यात भरलेला असतो. खाचरं संपली की नदी सोबतीला येते. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, तर कधी आपणच तिच्या पात्रातून चालत असतो.

वाट दाखवायला गावातले एक बाबा बरोबर होते. डोक्याला टोपी, हातात कोयता, पायांत साध्या चपला. त्या चपलांनी ते शेवाळलेल्या दगडांवरून असे चालत, की मी माझी पावलं विसरून त्यांचीच पाहत राही. रान दाट होत गेलं. हिरडा, जांभूळ, उंबर आणि त्यांच्याखाली कारवीचं दाट रान. ही कारवी वर्षानुवर्षं नुसती पानांनी हिरवी राहते आणि साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच सगळी मिळून जांभळी फुलते. आमच्या वेळी ती फुललेली नव्हती. वाईट वाटलं नाही. जे रान इतकं थांबू शकतं त्याच्याजवळ घाई कसली करायची?

पाण्याच्या आवाजात एक शीळ मिसळली. लांब, सावकाश, माणसानं घातल्यासारखी. शीळकरी कस्तूर. बाबा थांबले, मीही थांबले. पक्षी दिसला नाही. शीळ मात्र ओढ्यावरून पुढे पुढे सरकत राहिली, जणू वर चढत होती.

मला उगम पाहायचा होता. प्रवरा रतनगडावर उगम पावते हे शाळेत पाठ केलेलं होतं आणि डोळ्यांसमोर एक चित्र होतं: एखादं गोमुख, एखादं कुंड, जिथे बोट ठेवून म्हणावं, ही इथून निघाली. बाबांना विचारलं.

"इथून म्हंजे कुठून सांगू, ताई? ह्यो समदा डोंगरच पाणी सोडतोय."

आणि खरंच तसं होतं. नदी वर जाईल तशी फुटत गेली. एका ओढ्याचे दोन झाले, दोनांच्या कितीतरी धारा, धारांच्याही मग नुसत्या ओली. कड्याला हात लावला तर हात ओला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून हा सह्याद्री झाला. त्या थरांच्या भेगांत, सच्छिद्र दगडांत पावसाचं पाणी मुरतं. खाली घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि कड्याच्या पोटातून बाहेर येतं. पाऊस थांबल्यावरही ओढा लगेच आटत नाही, याचं कारण हा दगड आणि त्याच्यावरचं हे रान. झाडांची मुळं, कुजलेली पानं आणि शेवाळ पाण्याला धावू देत नाहीत, आत जायला लावतात. 1986 साली हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आला, तेव्हा झाडं-जनावरांबरोबर ही नदीही राखली गेली असं मी मानते. म्हणूनच ओढ्याकाठी मुक्काम करून प्लॅस्टिक मागे टाकून जाणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. हेच पाणी खाली अकोल्यात, संगमनेरात कुणाच्या तरी हंड्यात जाणार असतं.

शेवटी लोखंडी शिड्या, मग गणेश दरवाजा. गडावर सोनकी फुललेली होती. पिवळा रंग इतका, की ढग उतरला तरी माथा उजळ राहावा. खडकात खोदलेली टाकी तुडुंब भरलेली. भाकरी आणि ठेचा खाऊन आम्ही नेढ्याकडे चढलो. कड्याला आरपार पडलेलं ते भोक, आणि त्यातून असा वारा की उभं राहणं कठीण. मी बसले, दगडाला पाठ लावून. ढग फाटला तेव्हा एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी चमकलं. 1926 साली पूर्ण झालेल्या धरणानं अडवलेली ही प्रवरा. मागे अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई. दुसऱ्या बाजूला कडा सरळ तुटलेला आणि खाली कोकण, हिरवं, धुरकट.

या रांगेवर पडणाऱ्या पावसाचे दोन रस्ते आहेत. पश्चिमेला ओघळलेलं पाणी कड्यावरून उडी घेऊन अरबी समुद्राकडे निघतं. समुद्र जवळच आहे, प्रवास थोडा. पूर्वेला वळलेलं पाणी मात्र सारा देश ओलांडायला निघतं. धरण, रंधा धबधबा, उसाचे मळे, मग नेवासे. तिथे प्रवरेच्या काठी, शके 1212 मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली. ज्या खांबाला टेकून सांगितली असं मानतात, तो पैसाचा खांब आजही तिथे आहे. त्यापुढे प्रवरासंगमाला गोदावरी, आणि मग थेट बंगालचा उपसागर. दोन थेंबांमधलं अंतर इथे वितभरही नसेल.

नेढ्यात बसल्याबसल्याच ठरवलं, की या पाण्याबरोबर चालायचं. वाटा सुकल्या की अमृतेश्वरापासून निघायचं, जमेल तितकं टप्प्याटप्प्यानं, काठाकाठानं, प्रवरासंगमापर्यंत. बाबांना सांगितलं तर त्यांनी आधी एवढंच विचारलं, वाटेत राहायची सोय काय? मग स्वतःच हिशोब करू लागले: शेंडीला त्यांची लेक दिली आहे, राजूरला पाहुणे आहेत, अकोल्यापर्यंत तरी काळजी नको.