वर्गणी आणि वाचक

मराठी समीक्षेत ‘वाचक’ ही संज्ञा गेल्या काही दशकांत बरीच प्रतिष्ठा पावली. वाचककेंद्री सिद्धान्तांचा परिचय झाल्यानंतर अभिप्रेत वाचक, आदर्श वाचक, प्रतिसाद देणारा वाचक अशी त्याची अनेक रूपे चर्चिली गेली. हा वाचक पुस्तक कोठून आणतो, हा प्रश्न मात्र सहसा उपस्थित केला जात नाही. तो व्यवस्थापनाचा प्रश्न मानून ग्रंथपालांकडे सोपविला जातो.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या वाटेवर काटेवाडी आहे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी येथे येते, तेव्हा परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. दिंड्यांत अभंग मुखोद्गत असतात. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही ते मिळतात. बारामतीत मोरोपंत (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पुराण सांगत. पुढे त्यांच्या आर्या कीर्तनकारांच्या तोंडून, पोथी कधीही न पाहिलेल्या श्रोत्यांपर्यंत गेल्या. सार्वजनिक ग्रंथालय येण्यापूर्वीही या परिसरात संहितेला सार्वजनिक जीवन होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. ग्रंथालयाने त्यात भर घातली ती एकान्ताची. पुस्तक घरी न्यावे, मध्येच मिटावे, न पटल्यास अर्धवट परत करावे, हे स्वातंत्र्य श्रोत्याला नव्हते. पण श्रोत्याला वर्गणीही नव्हती.

रत्नागिरीचे वाचनालय १८२८ मधले, पुण्याचे १८४८ मधले. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणून उभ्या राहिलेल्या या संस्थांचा आधार सभासद हा होता. १९४८ च्या मद्रासच्या कायद्याने, रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून, मालमत्ताकरावर ग्रंथालय-उपकर बसविला. तेथे ग्रंथालयाचा खर्च नागरिक म्हणून सर्वांनी उचलावा हे तत्त्व मान्य झाले. महाराष्ट्राच्या १९६७ च्या अधिनियमाने उपकर टाळला. शासनाने ग्रंथालय निधीस वर्षाला किमान २५ लाख रुपये द्यावेत आणि लोकांनी चालविलेल्या संस्थांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळावे, अशी योजना स्वीकारली गेली. नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमातही गटारे आणि दिवाबत्ती आवश्यक कर्तव्यांत, ग्रंथालय मात्र ऐच्छिक कर्तव्यांत आहे. (गटाराला सभासदत्व लागत नाही, हे सांगावयास नको.)

या परंपरेचे श्रेय नाकारता येणार नाही. लोकांनी वर्गणी काढून उभारलेली वाचनालये त्यांनी जिव्हाळ्याने सांभाळली. आज राज्यात शासनमान्य ग्रंथालयांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे, ती त्यामुळेच. परंतु ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ तिने नकळत ‘सभासदांचे’ असा करून ठेवला. वाङ्मयाच्या अभ्यासकाला याचे परिणाम देवघेवीच्या नोंदवहीत शोधावे लागतात आणि ती वही फसवी असते. वहीत नाव घरातल्या पुरुषाचे असते. कादंबरी वाचणारी त्याची पत्नी, आई किंवा सून असते. अमुक लेखक स्त्रियांत लोकप्रिय होता, असे विधान करताना समीक्षक ज्या वाचकाविषयी बोलतो तिची नोंदच झालेली नसते.

अभ्यासिकेविषयी अभिजनांत एक नाराजी आढळते. स्पर्धापरीक्षांची मुले दिवसभर खुर्च्या अडवितात, साहित्याच्या कपाटाकडे ढुंकूनही पाहत नाहीत, अशी ही तक्रार. ती असमंजस आहे. दोन खोल्यांच्या घरात ज्याला बसावयास जागा नाही, त्याला ग्रंथालयाने प्रथम जागाच द्यावयाची असते. एकान्त ही त्याची पहिली गरज आहे, आणि वर म्हटल्याप्रमाणे तोच ग्रंथालयाचा खरा वाटा होय.

काटेवाडीजवळ भवानीनगरला सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात या पट्ट्यात ऊसतोड कामगारांची कुटुंबे येतात, पाचटाच्या कोपीत पाच-सहा महिने राहतात आणि निघून जातात. त्यांच्यातही वाचणारी मुले असतात. वाचनालयांच्या सभासदत्वाच्या अर्जात सामान्यतः अनामत रकमेच्या वर ‘कायमचा पत्ता’ हा रकाना असतो, आणि त्याखाली ओळख देणाऱ्या जुन्या सभासदाची सही.